पालकसभेत मुलाची बाजू कोण ऐकणार?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, वर्धा.



एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लांबलेलं वाटलं तरी आपण रागावणार नाही. आठवी ते दहावीच्या पालकसभेत मुलांचे गुण सगळ्यांदेखत वाचून दाखवणं आपल्या जिल्ह्यात बंद व्हावं, आणि त्या तासाभरात आईबापांशी वेगळ्याच विषयावर बोलणं व्हावं: मूल घरात बोलतं का, आणि बोललं की त्याचं पुढे काय होतं. मागणी एवढीच. तिच्यामागची कारणं मात्र बरीच आहेत आणि त्यांतली काही तर आपल्या जिल्ह्याच्याच मातीतली आहेत. पत्र उघडं लिहिते, कारण नुसत्या परिपत्रकाने साधेल असं हे काम नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आईबाप यांच्याही डोळ्यांखालून ते जावं.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. सभेची रीत मला तोंडपाठ आहे आणि आपल्यालाही असेल. प्रथम सत्राचा निकाल दिवाळीनंतर लागतो, म्हणजे नेमका कापूस वेचणीच्या दिवसांत. सभेला येतात त्या बहुतेक आया, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. बाप आलाच तर दाराशी उभा राहतो, नाहीतर मागच्या बाकावर अंग चोरून बसतो. वर्गशिक्षक यादी काढतात. नाव, टक्के आणि शेवटी एक शेरा: अभ्यासात लक्ष नाही, मोबाईल फार, हुशार आहे पण आळशी. मूल बाजूलाच खाली मान घालून उभं. आई चारचौघांत ओशाळते, आणि ओशाळलेलं माणूस जे करतं तेच करते. तिथल्या तिथे पोराला बोल लावते, किंवा घरी गेल्यावर बापाच्या कानावर घालते. ‘सर, तुम्ही झोडपा याले, आमचं काही म्हणणं नाही’ हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही असा शिक्षक वर्ध्यात शोधून सापडायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी घातली आणि मानसिक छळालाही. पण कायदा शाळेचे हात बांधतो आणि घर हात जोडून ते सोडवायला येतं. त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांचा एकच पक्ष होतो, आणि समोर चौदा वर्षांचं पोर एकटं उरतं.

एवढ्याने काय बिघडतं, असं कुणी विचारील. आम्हीही असेच वाढलो, बापाच्या धाकातच मोठे झालो, काय वाईट झालं? हा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण त्यात तथ्य आहे. धाक म्हणजे वाईटच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

बर्कलीच्या डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात घराघरांतल्या वळण लावण्याच्या पद्धती तपासल्या आणि त्यांची जी वर्गवारी केली तीच आजही वापरात आहे. तिच्यातली दोन घरं आपल्या ओळखीची आहेत. एका घरात मी सांगतो म्हणून करायचं. दुसऱ्यात पोर मागेल ते मिळतं, नाही म्हणणारं कुणी नाही. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी आणखी एक घर जोडलं, जिथे मूल वाऱ्यावर सोडलेलं असतं. कडकपणा नाही आणि मायाही नाही. बॉमरिंडबाईंना सगळ्यांत चांगलं वाटलं ते घर मात्र यांतलं एकही नव्हे. तिथे नियम पक्का असतो, तो मोडला तर परिणाम भोगावा लागतो, पण त्या नियमाचं कारण विचारायला मुलाला मुभा असते आणि मोठ्यांना ते सांगावं लागतं. नीट पाहिलं तर हे घर मोकळं नाही, चांगलंच कडक आहे. फरक एवढाच की कडकपणाच्या आत बोलायला जागा आहे. साने गुरुजींच्या श्यामची आई पोराला पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने मारते, हे आपण सोयीने विसरतो. मारते आणि नंतर जवळही घेते. (मारावं असं मी म्हणत नाही. त्या आईला नुसती गोड गोड करून ठेवू नये, एवढंच म्हणते.)

अशा घरात मुलाला काय मिळू शकतं त्याला एक शब्द आहे: भावनिक बुद्धिमत्ता. ही कल्पना त्यामानाने नवी. सालोव्हे आणि मेयर या दोघांनी १९९० साली ती मांडली. आपल्याला काय वाटतंय ते ओळखता येणं, समोरच्याला काय वाटत असेल याचा अदमास घेता येणं, आणि राग, भीती, लाज यांच्या भरात वाहून न जाता वागता येणं, हा तिचा गाभा. १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने तिचा गाजावाजा केला आणि तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही ती यशाची किल्ली म्हणून विकतात. मला त्या विक्रीत रस नाही. पण नववीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही हे कळतं की, काही पोरांना ‘मला वाईट वाटलं’ एवढं म्हणता येतं आणि काहींना बाक लाथाडण्यापलीकडे काही सुचत नाही. दुसरी पोरं निर्बुद्ध नसतात. वाईट वाटलेलं सांगायची सवय त्यांना कुणी लागूच दिलेली नसते.

ती सवय लागते कुठे? अमेरिकेतल्या जॉन गॉटमन यांनी आईबापांकडे याच नजरेने पाहिलं. मूल चिडलं किंवा रडवेलं झालं की काही आईबाप ती कटकट समजून झटकून टाकतात. काही जण तीच वेळ जवळ बसायची मानतात, तुला अपमान वाटला का, भीती वाटली का, असं विचारतात, आणि मग वागण्याची हद्दही घालून देतात. दुसऱ्या घरांतली मुलं आपल्या मनाला अधिक सावरू शकतात, असं त्यांना दिसलं. आता आपल्या गावातलं घर आठवा. पोरगी रडली तर तिला निदान आजी पदराखाली घेते. पोरगा रडला की, ‘काहून रडून राहिला बे पोट्टीवानी?’ त्याला दुःखाची परवानगी नाही, भीतीची नाही, लाजेची तर नाहीच. एक राग तेवढा चालतो. रागावलेल्या पोराला आपण ‘बापावर गेला’ म्हणतो, आणि म्हणताना थोडं कौतुकही असतं. मग चौदाव्या वर्षी त्याच्या मनात जे काही उठतं ते सगळं रागाच्याच दारातून बाहेर पडतं.

इथे हिंगणघाटचं नाव घेणं भाग आहे. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला तिच्याच गावच्या माणसाने पेट्रोल टाकून पेटवलं. ती १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात गेली, आणि बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मोर्चे निघाले, बाजार बंद राहिला, फाशीची मागणी झाली. एका गुन्ह्याचं खापर कुठल्या एका घराच्या संगोपनावर फोडणं मला मान्य नाही. गुन्हा करणारा मोठा माणूस होता आणि त्याची जबाबदारी त्याचीच. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या हजारो घरांत पोरींवरची बंधनं वाढली. उशिरा येऊ नको, एकटी जाऊ नको, फोन दाखव. पोरांच्या बाबतीत काहीच बदललं नाही. समोरच्याचं ‘नाही’ ऐकून घेता येणं ही भावनिक बुद्धिमत्तेची पहिली इयत्ता म्हणायला हवी, आणि ज्याच्या स्वतःच्या ‘नाही’ला घरात कधी किंमत नव्हती त्याला ती शिकवायची कुणी? बाप ‘नाही’ म्हणाला तर कारण सांगत नाही, आणि पोरगा म्हणाला तर कानाखाली बसते. त्या घरात ‘नाही’चा अर्थ एकच उरतो: ज्याच्या अंगात जोर जास्त त्याचं चालतं.

आता आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांत प्रसिद्ध बापाबद्दल.

सेवाग्रामला शाळांच्या सहली जातात. आदिनिवास, बापूकुटी, बा कुटी, प्रार्थनेची जागा, सगळं दाखवलं जातं. गांधीजींच्या थोरल्या मुलाचं, हरिलालचं, नाव मात्र मुलांपुढे सहसा निघत नाही. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, आणि पुढच्याच महिन्यात इथून जेमतेम ७५ किलोमीटरवरच्या नागपुरात त्यांच्या थोरल्या मुलाने इस्लाम स्वीकारून अब्दुल्ला हे नाव घेतलं. काही महिन्यांतच तो आर्य समाजामार्फत पुन्हा हिंदू झाला. गांधीजींनी त्यावर ‘हरिजन’मध्ये जाहीर लिहिलं. त्यांचं दुःख धर्मांतराचं नव्हतं. मुलगा दारू आणि कर्जात बुडालेला आहे, श्रद्धेने काही करत नाही, हे होतं. तेव्हा हरिलाल पन्नाशीकडे झुकलेला होता, पण भांडण त्याच्या विशीतलं होतं.

ते भांडण शिस्तीवरून झालं असं वाटेल, पण तसं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात हा मुलगा वडिलांच्या शब्दाखातर वारंवार तुरुंगात गेला, खडी फोडायची वेळ आली तरी कुरकुरला नाही. लोक त्याला छोटे गांधी म्हणू लागले होते. कष्टाची, कडकपणाची त्याला भीतीच नव्हती. त्याला शिकायचं होतं. गांधीजींचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांनी त्यांच्या एका मुलाला विलायतेत शिकवण्याची तयारी दाखवली, तेव्हा गांधीजींनी पुतण्या छगनलालला पाठवलं, आणि पुढे तशी संधी पुन्हा आली तेव्हा सोराबजी अडाजानिया या पारशी तरुणाला. स्वतःच्या मुलांना झुकतं माप देऊ नये, हा त्यामागचा विचार. तत्त्व म्हणून त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण त्या निर्णयात मुलगा कुठेच नव्हता. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून गेला आणि १९१५ मध्ये त्याने वडिलांना एक लांब पत्र लिहिलं, छापलं आणि नातलगांत, सहकाऱ्यांत वाटलं. म्हणजे त्यालाही खुलं पत्रच लिहावं लागलं. घरात जे ऐकलं जात नाही ते माणूस छापून वाटतो. त्या पत्रातली तक्रार गरिबीची नव्हती, तुरुंगाची नव्हती. आम्हां भावांचं म्हणणं कधी ऐकूनच घेतलं गेलं नाही, ही होती.

याच गांधीजींकडे दुसऱ्यांची मुलं मात्र बेधडक बोलत. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव नारायण देसाई त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले; त्यांनी लिहिलेल्या आठवणींत एक गंमत आहे. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना आश्रमातली मुलं त्यांना पत्रातून प्रश्न विचारत आणि उत्तरं येत एकेका ओळीची. छोट्या नारायणाने तक्रार केली की, गीतेत अर्जुन लहानसा प्रश्न विचारतो आणि कृष्ण अध्यायभर उत्तर देतो, तुम्ही मात्र उलटं करता. गांधीजींचं उत्तर आलं की कृष्णाला एकच अर्जुन होता, मला पुष्कळ आहेत. मुलाने बापासारख्या माणसाची चूक काढावी आणि त्याने हसून तीही ऐकून घ्यावी, हे त्या घरात शक्य होतं. फक्त हरिलालच्या वाट्याला ते घर आलं नाही. वर्ध्याचे जमनालाल बजाज तर आपणहून त्यांचे पाचवे पुत्र झाले. ज्या दारात पाचव्याला जागा होती तिथे पहिला बाहेर राहिला. आत्मकथेत गांधीजींनी मुलांच्या शिक्षणाला आपण पुरेसा वेळ देऊ शकलो नाही हे मान्य केलं आहे. अर्थात आपली बाजूही मांडली आहे.

कटनी स्टेशनची गोष्टही सांगितली जाते. गाडी थांबली, गांधीजींच्या जयघोषात एकच आवाज ‘माता कस्तुरबा की जय’ असा आला. हरिलाल होता, फाटक्या कपड्यांत. त्याने आईच्या, कस्तुरबांच्या, हातात एक संत्रं ठेवलं आणि हे फक्त तुझ्यासाठी, असं बजावलं. ही गोष्ट वाचताना मला गांधी घराण्यापेक्षा देवळी, आर्वी, समुद्रपूरची घरं दिसतात. बापाशी बोलणं बंद आणि आईशी सगळं चालू. ‘बाबाले सांगू नको’ हे वाक्य घराघरांत आहे. आई मध्ये उभी असते, कुठली बातमी पलीकडे जाऊ द्यायची आणि कुठली पदरात झाकायची ते तीच ठरवते. घराची पद्धत कडक की सैल, असा प्रश्न त्या घरी विचारून उपयोग नसतो, कारण एकाच छपराखाली दोन पद्धती नांदत असतात, आणि मुलाला दोन्हींच्या फटीतून मार्ग काढायची सवय लागते. पुष्कळ पाहण्या फक्त आईला प्रश्न विचारून केलेल्या असतात, त्यांत हे दिसत नाही.

आता माझ्या मागणीच्या मुळाशी असलेली गोष्ट. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. तोवर सगळे धरून चालत की, जे आईबाप लक्ष ठेवतात त्यांची मुलं बिघडत नाहीत. या दोघांनी साधी गोष्ट तपासली: आपलं मूल कुठे जातं, कुणात असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते कळतं कसं? पाळत ठेवून कमी, विचारून थोडं, आणि मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. म्हणजे ज्याला आपण लक्ष ठेवणं समजत होतो, ते बहुतांशी मुलाने टाकलेल्या विश्वासाचं फळ होतं. मोबाईल तपासणाऱ्या, मित्रांची झडती घेणाऱ्या, ट्यूशनच्या सरांना फोन करणाऱ्या आपल्या पालकांना हे कुणी सांगायला हवं. आणि मग आपल्या पालकसभेकडे पुन्हा पाहा. सहामाहीत मूल जे घरी लपवत होतं ते शाळा चारचौघांत उघडं करते. पुढच्या सहामाहीत ते मूल घरी जास्त सांगेल की कमी?

याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या कार्यालयातल्या कुणी काढण्याआधी मीच काढते. संगोपन आणि भावनिक बुद्धिमत्ता यांचा संबंध पाहणाऱ्या अभ्यासांत बहुधा मुलांना एक प्रश्नावली देतात, आईबाप कसे आहेत ते विचारतात, मग भावनिक बुद्धिमत्तेची दुसरी प्रश्नावली, आणि दोन्हींचा मेळ घालतात. मेळ बसतो, पण कोण कुणामुळे, हे त्यातून कळत नाही. हसऱ्या, समजूतदार पोराशी बापही नरमाईने वागतो आणि हट्टी पोराचा बाप हळूहळू हुकूमशहा होतो. शिवाय कॅलिफोर्नियातलं माप वर्ध्याला जसंच्या तसं लागत नाही. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुळातल्या घरांबद्दल दाखवून दिलं की, अमेरिकनांना जी हुकूमशाही वाटते तिच्यात त्या मुलांना काळजी दिसते. आपल्याकडची आजी नातवाला दिवसभर दटावते आणि त्याला त्यात लाडच वाटतो. म्हणून मी कडक बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. मुलांना टोचतं ते दुसरंच. मानसशास्त्रज्ञ वागण्यावरचं नियंत्रण आणि मनावरचं नियंत्रण वेगळं काढतात. आठच्या आत घरात ये, हे पहिलं. आणि अबोला धरणं, ‘तुझ्यासाठी रक्त आटवून राहिलो आणि तू असे मार्क आणतो’ असं रोज ऐकवणं, हे दुसरं. पहिल्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्याने मूल आतून खचतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आणि रक्त आटवणं आपल्याकडे खोटं नसतं, हीच खरी अडचण. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या वायफडला येऊन गेले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांच्या पॅकेजमध्ये वर्ध्याचं नाव आलं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावी-बारावी होऊन बाहेरही पडली. त्यांच्यातल्या अनेकांनी घरात कर्ज या शब्दाखेरीज दुसरा विषय क्वचित ऐकला. पऱ्हाटीवर बोंडअळी, सोयाबीन पिवळं पडलेलं, सोसायटीचं देणं, बहिणीचं लग्न. अशा घरातला बाप पोराच्या मनाशी बोलत नाही तो दुष्ट म्हणून नव्हे. त्याच्या स्वतःच्या मनाशी कुणी बोललेलं नसतं. जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा आहे आणि तरी संध्याकाळी बाप कुठे जातो हे पोराला माहीत असतं; त्याविषयी घरात अवाक्षर निघत नाही. न बोलायचे विषय जितके जास्त, तितकं मूल मुकं. आणि मुलाने एकदा तोंड उघडलं तर ते बापाला उलट उत्तर वाटतं. अशा माणसाला पालकसभेत व्यासपीठावरून ‘मुलांचे मित्र बना’ सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्याला आधी बसायला खुर्ची द्या, चहा द्या, तुमचं कसं चाललंय भाऊ, असं विचारा. आपलं ऐकलं गेलं की ऐकावंसं वाटतं, इतकं साधं असतं ते पुष्कळदा.

ऐकण्या-बोलण्याची ही सवय शाळेतही लागू शकते. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्धा शहरात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला, आणि देशाने त्याला वर्धा योजना म्हटलं. हाताने काम करता करता शिकायचं, हे त्यातलं सगळ्यांना आठवतं. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा त्या वाटेने चालते आहे. शेतात, स्वयंपाकघरात, सुताच्या कामात चार मुलं एकत्र राबली की भांडतात, रुसतात आणि संध्याकाळपर्यंत मिटवतात. मोठ्यांनी लुडबुड न करता नुसतं जवळ असावं लागतं. हे सगळ्या शाळांना जमणार नाही. दहावीचा बोजा, अपुरे शिक्षक, शाळाबाह्य कामं मला ठाऊक आहेत. म्हणूनच मी नवा विषय मागत नाही, नवा तास मागत नाही आणि नवं पुस्तक तर नकोच. जी सभा होतेच आहे, तिचा तास मागते आहे.

काय करता येईल ते थोडक्यात लिहिते. गुण प्रत्येक घराला वेगळे आणि पाकिटात द्यावेत. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी सभेनंतर वर्गशिक्षकांशी एकेकट्याने बोलावं, मुलाला सोबत घेऊन, आणि मुलाला आधी बोलू द्यावं. सभा वेचणीत किंवा पेरणीत ठेवू नये. गावचा आठवडी बाजार असतो त्या संध्याकाळी ठेवावी, माणसं गावात असतात, रोज बुडत नाही. वर्षातून एक सभा फक्त बापांची ठेवावी. माता-पालक संघ आहे, तसा बापांचा नाही, आणि तेच जास्त गरजू आहेत. सभेत भाषण नको. एखादा प्रसंग मांडावा, म्हणजे पोराने फी भरली म्हणून सांगितलं आणि पैसे दुसरीकडे खर्च केले, तर तुम्ही पहिलं वाक्य कोणतं बोलाल? दहा बाप दहा वाक्यं सांगतील, हसतील, वाद घालतील. त्यातून जे निघेल ते कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानातून निघणार नाही.

तज्ज्ञ लागणारच नाहीत असं मात्र नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. पन्नासांच्या वर्गात तीन-चार मुलं. ती घरच्या समजुतीने बरी होणार नाहीत, आणि त्यांच्या आईबापांवर आणखी अपराधाचं ओझं टाकणंही बरोबर नाही. वर्ध्यासारख्या लहान शहराच्या एका अंगाला सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगाला सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्हींत मानसोपचार विभाग आहे. किती जिल्ह्यांच्या नशिबी हे असतं? आपण त्या विभागप्रमुखांना पत्र लिहिलं तर तालुक्याच्या ठिकाणी महिन्याकाठी एक दिवस कुणी येऊन बसणं अशक्य नाही. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक शाळेच्या फळ्याशेजारी लिहिलेला असावा. ऑफिसात नको, ऑफिसात मुलं जात नाहीत.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. परिपत्रक मे महिन्यात निघालं तर मुख्याध्यापकांना वर्षाचं नियोजन करताना ते हाताशी असेल. आणखी एक बारीकशी सूचना आहे, पैसा न लागणारी. सभेच्या नोंदवहीत पालकाचं नाव आणि सही एवढंच असतं. त्यात दोन रकाने वाढवावेत: आई आली की बाप, आणि मूल सभेत काय बोललं. दुसरा रकाना पहिल्या वर्षी बहुतेक रिकामाच राहील. तो तसाच राहू द्यावा, शिक्षकांना खोटं भरायला लावू नये. तीन वर्षांनी जिल्ह्याच्या सगळ्या नोंदवह्या आपल्या कार्यालयात मागवून घ्याव्यात आणि तेवढा एक रकाना वाचून पाहावा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
वर्धा